आप्पांना बिब्बा उतायचा

आमच्या घरात बिब्ब्याचं नाव काढायची सोय नव्हती. कारण आप्पा, म्हणजे माझे वडील. धाराशिवच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची अडत होती. करडईच्या पोत्यांतून साप निघाला तरी हा माणूस गादीवरून हलायचा नाही. पण कुणी बिब्बे घेऊन दुकानाची पायरी चढलं की आप्पा मागच्या दारानं पसार!

हल्लीच्या पोरींना बिब्बा दाखवावा लागतो, म्हणून सांगते. काळी, चपटी, बदामाएवढी बी असते ती. आतली गोडंबी आपण हिवाळ्यात लाडवांत घालतो, ती गुणाची. वांधा सगळा टरफलात. त्यात काळं, चिकट तेल असतं. परीट त्याच तेलानं कपड्यावर खूण करायचा, आणि कापड फाटेपर्यंत ती खूण जायची नाही. आता हे तेल कातडीला लागलं तर एखाद्याला काही म्हणजे काही होत नाही, आणि एखाद्याचं तोंड सुजून भोपळा होतो. त्याला आमच्याकडं बिब्बा उतला म्हणतात. आप्पांना तो नुसत्या वाऱ्यानं उतायचा.

आणि अशा बापाच्या पोटी जन्मून मला संशोधन करायचं होतं ते बिब्ब्यावर. काय म्हणावं या नशिबाला!

मी हैदराबादला मामाकडं राहून एमेस्सी झाले, रसायनशास्त्रात. निजामाचं राज्य, त्यामुळं शिक्षण सगळं उर्दूत. मीठ, गंधक, शोरा यांचे तेजाब, म्हणजे आम्लं, मी उर्दूतच शिकले आणि हाताला चटके मात्र मराठीत बसले. खालच्या वर्गांत आम्ही मुली पडद्याआड बसायचो. पुढं एमेस्सीला मी एकटीच मुलगी उरले, तर प्रयोगशाळेत माझ्यासाठी कोपऱ्यात एक पडदा लावला. सडक्या अंड्याचा वास काही पडदा पाळत नाही. महिन्याभरात त्या पडद्याला तेजाबानं एवढी भोकं पडली की तो कुणी काढला ते कुणी विचारलंच नाही.

संशोधनाची जागा आमच्या खात्यात क्वचित निघायची. एमेस्सी झालेल्यांतून एखाद्याला आमचे उस्ताद, म्हणजे खात्याचे मुख्य प्राध्यापक, स्वतःच्या हाताखाली घ्यायचे. मग दोन-तीन वर्षं एकच पदार्थ उकलत बसायचं. दुसरी जागतिक लढाई चालू होती. विलायतेहून येणारी रसायनं बंद झालेली, त्यामुळं उस्तादांनी एक नियमच करून टाकला होता : "अपने मुल्क का माल लाओ." ज्याला संशोधन करायचंय त्यानं आपल्या मुलखातलं काहीतरी आणायचं. तेही बाजारातून उचलून नाही. कुठल्या रानातलं, कुठल्या झाडाचं, कधी उतरवलं, हे सगळं सांगता आलं पाहिजे. बाजारात जुनं-नवं सरमिसळ असतं, असं त्यांचं म्हणणं. मी बिब्बा म्हटल्यावर ते खूश झाले. म्हणाले, संक्रांतीपर्यंत जागा तुझ्यासाठी ठेवतो. माल घेऊन आलीस तर तुझी, नाहीतर दुसऱ्याची.

मी धाराशिवला आले ती हवेतच तरंगत. आणि घरी येऊन बघते तर काय, माझ्या लग्नाचं ठरत आलेलं!

स्थळ लातूरकडचं होतं. आमच्यासारखेच लिंगायत, आमच्यासारखीच अडत, फक्त आमच्यापेक्षा दोन दुकानं जास्त. हे सगळं जुळवलं होतं आत्यानं. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, कर्नाटकाकडं दिलेली; नवरा गेल्यावर आमच्याकडं आली आणि आल्या दिवसापासून घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. चिडली की कानडीत बोलायची. मी संशोधनाचं सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला, "अय्यो शिवने! हुच्ची आहे ही पोरगी. येडी! सोळा यत्ता झाल्या तरी हिचं पोट भरंना!"

"आत्या, जागा एकच आहे. परत मिळायची नाही," मी म्हटलं.

"नवरा काय पोत्यानं मिळत्यात व्हय?"

मी आप्पांकडं बघितलं. आप्पांचं एक ठरलेलं उत्तर होतं. बैल घ्यायचा, बघू. छपराला पत्रे घालायचे, बघू. मुलीला हैदराबादला शिकायला पाठवायचं, तेव्हाही बघूच म्हणाले होते, आणि मामानं ते हो धरून मला गाडीत बसवलं होतं. आत्ताही ते म्हणाले, "बघू." आत्यानं ते आपल्या बाजूनं धरलं, मी माझ्या बाजूनं. माझी आई तेवढी गालातल्या गालात हसत होती. तिला नवरा ठाऊक होता.

पाहुणे मुलगी बघायला यायचे होते मार्गशीर्षात. मी मनाशी म्हटलं, येऊ देत. आपण आपलं काम करावं. गुरुवारच्या बाजारात येडशीकडच्या रानातल्या बाया बिब्बे आणि गोडंबी घेऊन यायच्या. त्यांच्याकडून मी पदरात लपवून बिब्बे आणले. ते रान कुठलं, झाड कुठलं, ते काही मला सांगता येणार नव्हतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. उस्तादांच्या पुढं नुसते बिब्बे ठेवण्यापेक्षा आधी थोडं तेल काढून त्याचा रंग-ढंग बघून जावं. एमेस्सी झालेली ना मी! दिमाख काय कमी होता का!

जुन्या वैद्यांची रीत मला ठाऊक होती. परसात खड्डा खणायचा, त्यात लोटा ठेवायचा. लोट्यावर बुडाला भोकं पाडलेलं मडकं, मडक्यात बिब्बे, वर झाकण, सांध्याला चिखल. भोवतीनं गोवऱ्या पेटवायच्या. आचेनं तेल सुटतं आणि खाली लोट्यात ठिबकतं. सोपं. मी हाताला खोबरेल चोपडलं, डोक्याला पदर बांधला, आणि आत्या देवळात गेलेली बघून गोवऱ्या पेटवल्या.

आता यात चुकलं कुठं? सांध्याचा चिखल वाळू द्यायचा असतो. मला कुठला दम! ओल्या चिखलावरच मी आच घातली, तो तडकला, आणि मडक्यातनं पिवळट धूर निघाला. प्रयोगशाळेत असल्या धुरासाठी काचेचं कपाट असतं, त्याला धुराडं असतं. परसाला काय असतंय? परसाला असतो वारा. तो वारा सरळ स्वयंपाकघरात शिरला, तिथं आई भाकरी थापत होती. तिथनं ओसरीवर गेला, तिथं आप्पा पूजेला बसले होते. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून लोट्यात डोकावत होते. ठिबकत होतं! काळं, दाट, मधासारखं. मला तर आनंदानं ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात आत्या देवळातून आली ती थेट धुरातच.

बिब्बा लगेच उतत नाही, ही त्याची खोड. त्या दिवशी कुणाला काही झालं नाही. आत्यानं मला शिव्या घातल्या, मडकं फोडलं, लोटा तेलासकट उकिरड्यात पुरला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खाज सुटली. आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे आले.

आजही तो देखावा आठवला की मला हसू आवरत नाही. आईच्या ओठांचा चंबू झालेला. आत्याचा एक गाल वर, एक खाली. आणि आप्पा! आप्पांचे डोळेच दिसत नव्हते. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, कळायला मार्ग नव्हता. त्या सगळ्यांच्या मधोमध मी, जरीचं लुगडं नेसून, अंगाला पुरळसुद्धा नाही. मला बिब्बा उततच नाही. माझं काय त्यात?

मुलाचा चुलता पुढं होता. उंबऱ्यात पाय घातला, समोर आप्पांना बघितलं आणि पाय मागं घेतला. "अहो, घरात देवी आल्यात काय?" त्या काळी देवी म्हटलं की गाव सोडून पळायचे लोक.

"न्हाई, न्हाई," आप्पा हात जोडत सुजलेल्या ओठांनी म्हणाले. "शरणार्थ. या, बसा. देवी न्हाईत. आमच्या पोरीनं बिब्बा कढवला."

आत्यानं डोळे मिटून घेतले. एक तर आधीच मिटलेला होता, दुसराही मिटला.

पाहुणे बसले, पण अंग चोरून. चुरमुऱ्यांची सुशीला बशांतून आली, तिला कुणी हात लावेना. मुलगा बिचारा खाली मान घालून बसला होता. चेहरा बरा होता त्याचा, उगीच कशाला खोटं बोलू. चुलता मात्र फाटक्या तोंडाचा. म्हणाला, "बिब्बा कढवला? पोरीनं? तो कशाला?"

"तिला हैदराबादला त्याचं संशोधन करायचंय," आप्पा म्हणाले. "तेल उकलून बघायचंय. त्यात काय काय असतंय ते."

चुलता हसला. मोठ्यानं हसला. "अहो, काय असतंय म्हणून काय विचारता! तुमच्या तोंडावर दिसतंय की! बरं, आमच्याकडं असले उद्योग चालायचे न्हाईत. झालं तेवढं शिक्षण लई झालं. चूल फुकायला येमेस्सी लागत न्हाई."

मी तोंड उघडणार होते. माझी जीभ काही म्यानात राहणारी नव्हती. पण आप्पांनी हात वर केला. चेहऱ्यावरनं काय कळणार, तिथं चेहराच उरला नव्हता. मग म्हणाले, "च्या घ्या. उन्हं चढायच्या आत गाडी निघू द्या. बैलांना तरास नको."

एवढंच. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

आत्या जी तोंड फिरवून बसली ती बसलीच. जमत आलेल्या लग्नात बिब्बा घातला म्हणतात ना, तो मी खराखुरा घातला, असं तिनं गल्लीभर सांगितलं. एवढ्यावर थांबली असती तर ती आत्या कसली! बाजारात जाऊन रानातल्या बायांना तिनं दम भरला, "आमच्या घरी बिब्बा इकला तर तंगडं मोडीन!" बायांनी माझ्याकडं बघायचंसुद्धा सोडलं. मला घराबाहेर पाऊल टाकायचं तर सोबतीला आत्या. तेल उकिरड्यात, बिब्बे राख झालेले, आणि संक्रांत तोंडावर आलेली. लग्न मोडलं म्हणून मी हसत होते ती आता रडकुंडीला आले. उस्ताद थांबणारे नव्हते. माझ्या बरोबरचा एक मुलगा त्याच्या गावाकडची कसली तरी मुळी घेऊन तयारच बसला होता, हे मला ठाऊक होतं.

एका दुपारी आप्पा डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून ओसरीवर पडले होते. मी तीळ आणि खोबरं वाटून त्यांच्या गालाला लावत होते. आमच्याकडं हाच उतारा. ते एकदम म्हणाले, "त्या तेलातनं काय निघणार?"

मी सांगितलं. म्हटलं, आप्पा, त्यात जे जाळतं ते नेमकं काय आहे ते वेगळं काढायचंय. ते कळलं तर त्यातनं न पुसणारी शाई करता येईल, लाकडाचं रोगण करता येईल. आता विलायतेहून काही येत नाही, तर आपल्या रानात पडलेलं वाया का घालवायचं?

"ते राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला उतला तो दोन दिसांत बसला. तुला उततच न्हाई. मलाच एवढा का उततो?"

"कुणालाच ठाऊक नाही, आप्पा. आधी तेलात काय आहे ते तर कळू दे."

त्यांनी फडकं उलटं करून परत डोळ्यांवर ठेवलं. मग म्हणाले, "बघू."

आतून आई ओरडली, "आधी डोळं उघडू द्या, मग बघा!"

मी हसले, पण मनातून पार खचले होते. त्या बघूचा अर्थ या खेपेला मला कळेना. पौष लागला. पौषात लग्नाचं कुणी बोलत नाही, तेवढी सुटका होती. पण माघ उजाडला की आत्या दुसरं स्थळ आणणार, हे नक्की. आणि जागा तर संक्रांतीलाच जाणार.

आप्पांची सूज उतरली. तोंड माणसाचं झालं. आणि ते म्हणाले, येडशीला जाऊन येतो, माल बघायचाय. अडतवाल्याला मालासाठी फिरावंच लागतं, कुणाला काही वाटलं नाही. दोन दिवस गेले, ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात गाडी थांबली. आत्या पुढं गेली आणि तिथंच किंचाळली.

आप्पा गाडीतून उतरत होते. तोंड पहिल्यापेक्षा वाईट. हात कोपरापर्यंत सुजलेले, बोटं मिटत नव्हती. गाडीत एक पोतं होतं, तोंडाला सुतळी बांधलेलं.

"उतरून घे," ते मला म्हणाले. "तुला उतत न्हाई म्हणून सांगतो. बाकी कुणी हात लावू नका."

मी पोत्याचं तोंड सोडलं. बिब्बे. ताजे, टपोरे, काही तर अजून केशरी बोंडासकट.

"आप्पा, हे..."

"येडशीच्या वरच्या अंगाच्या रानातले. नाल्याच्या काठाला तीन झाडं हायेत, त्यातल्या मधल्या झाडाचे. रानातल्या बायांना म्हटलं, तुम्ही पाडा, मी येचतो. दुसऱ्यानं येचले असते तर दुसऱ्या झाडाचे मिसळले असते." सुजलेल्या ओठांतून हळूहळू बोलत होते, शब्द अर्धे गिळले जात होते. "तुझा मास्तर इचारंल ना, कुठलं झाड म्हणून. सांग, माझ्या बापानं बघितलंय."

मला रडू आलं. मी धाय मोकलून रडले त्या पोत्यावर. आत्या आत गेली आणि पाट्यावर तीळ वाटायचा आवाज यायला लागला. लई वेळ वाटत बसली होती ती.

मला हैदराबादला पोचवायला आप्पा स्वतः आले. सोलापूरला जाऊन आगगाडी धरायची, म्हणजे सरहद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा, निजामाची जकात तिथं. तिथला शिपाई मोठा खमक्या, बायकांचे डबेसुद्धा उघडून बघायचा. त्यानं पोत्यावर काठी मारली, "इसमें क्या है?"

आप्पांनी तोंडावरचा शेला बाजूला केला. "बिब्बे. हाथ डालके देखो."

शिपायानं एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा आप्पांच्या तोंडाकडं. "जाओ, जाओ," म्हणाला. आप्पा मोटारीत बसल्यावर इतके हसले की ओठ फुटून रक्त आलं.

उस्तादांनी पोतं बघितलं, बिब्बे हातात न घेता चिमट्यानं उचलले, मग आप्पांना बघितलं आणि काही न विचारता आधी त्यांना बसायला स्टूल दिलं. मला म्हणाले, नमुना भर आणि चिठ्ठी लाव. आमच्या खात्याची पद्धत होती ती. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी : माल कुठला, झाड कुठलं, कधी उतरवला, कुणी गोळा केला. मी लिहिलं. जिल्हा, रान, नाल्याकाठचं मधलं झाड. शेवटच्या ओळीत आप्पांचं पूर्ण नाव.

आप्पांना कोर्टकचेरीमुळं उर्दू वाचता यायचं. त्यांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली, फटीतून एकेक अक्षर लावत वाचली, आणि आपल्या नावाशी येऊन थांबले.

"माझं नाव कशाला घातलंस?"

"नियम आहे, आप्पा. ज्यानं गोळा केलं त्याचं नाव."

त्यांनी चिठ्ठी परत माझ्या हातात दिली. "नीट चिकटव. पडंल," म्हणाले.

जागा मला मिळाली, हे वेगळं सांगायला नको. त्या बरण्यांवर मी तीन हिवाळे घालवले. तेल उकललं, त्यातला जाळणारा भाग वेगळा काढला, शाई केली, रोगण केलं. आप्पांनाच एवढा का उततो, ते मात्र मला शेवटपर्यंत सापडलं नाही. पुढं निजामाचं राज्य गेलं, उर्दूतले तेजाब इंग्रजीत आले, आणि मी त्याच खात्यात शिकवायला लागले. लग्नही झालं माझं, आत्याच्या नाकावर टिच्चून आणि तिनंच जमवलेलं.

पण पुढच्या दोन संक्रांतींना मी घरी गेले की आप्पा तिळगूळ हातावर ठेवायच्या आधी विचारायचे, "माल संपला का? आणू का?"

आई आतून ओरडायची, "न्हाई म्हण! न्हाई म्हण तेस्नी!"

मी न्हाई म्हणायचे. तरी दोन्ही वेळा मी परत निघायच्या आत पोतं तयार असायचं, आणि आप्पांचं तोंड सुजलेलं.